साकीनाक्याच्या गाळ्यात विमानाची इंधनटाकी

आमच्या एका आसनाच्या जेट विमानाची इंधनटाकी जानेवारी २०२५ मध्ये धडात बसली. इंजिन अजून यायचं आहे आणि उड्डाणाची परवानगी हा तर पुढचा मोठा अध्याय आहे. पण टाकीचं काम संपलं, चाचण्या सह्यांसकट नोंदवहीत चढल्या, म्हणून आत्ताच लिहून ठेवते आहे. चारकोपच्या गच्चीवर विमान बांधून २०१६ साली बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडणारे कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे मुंबईत विमान बांधता येतं, यावर लोकांचा विश्वास बसला. मात्र टाकीसारख्या एकेका भागाचं काय करायचं, पत्रा कुठून आणायचा, कोणती चाचणी कशी घ्यायची, हे आम्हाला तुकड्यातुकड्यांनी गोळा करावं लागलं.

आम्ही चौघं आहोत. मी मेकॅनिकल इंजिनिअर, नोकरी पंपांच्या क्षेत्रात. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे विमान देखभालीतून निवृत्त झालेले परवानाधारक इंजिनिअर. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये कामं वाटली तेव्हा टाकी माझ्याकडे आली आणि पहिल्याच रविवारी काकांनी मला समोर बसवलं. “तू याला डबा समजू नकोस. हा इंजिनाचाच भाग आहे. इंजिन बंद पडलं तर आधी लोक इंधन पोचत होतं का ते विचारतात, मग इंजिनाकडे बघतात.”

टाकी किती लिटरची, हा पहिला प्रश्न. शंभर अश्वशक्तीचं रोटॅक्स पिस्टन इंजिन साध्या वेगात तासाला अठरा-वीस लिटर पेट्रोल घेतं. लहान टर्बोजेटचा हिशेब फार वेगळा. आमच्या मनात हजार न्यूटन थ्रस्टचं, म्हणजे तेवढ्या जोराने विमान पुढे ढकलणारं, इंजिन आहे. या आकाराची इंजिनं प्रत्येक न्यूटनमागे तासाला साधारण ०.११ किलो इंधन पितात. म्हणजे पूर्ण थ्रस्टला तासाला ११० किलो. जेट ए-१ ची, म्हणजे विमानाच्या केरोसीनची, घनता लिटरला ०.८ किलोच्या आसपास, तेव्हा हे जवळपास १३७ लिटर झालं. अमेरिकेतल्या सबसोनेक्स या घरी बांधायच्या जेटमध्ये ४० अमेरिकी गॅलनची, म्हणजे सुमारे दीडशे लिटरची टाकी धडात असते, ती यासाठीच. आम्हाला आसनामागे ६० बाय ५० बाय ४० सेंटीमीटरची जागा मिळत होती. म्हणजे १२० लिटर. पूर्ण थ्रस्टला पाऊण तासाच्या थोडं वर. आकडा पाहून आमचे चेहरे उतरले होते, पण जागा वजनमध्याच्या, म्हणजे विमान ज्या बिंदूवर तोललं जातं त्याच्या, अगदी जवळ होती. ९० किलोंहून जास्त वजन उड्डाणात हळूहळू नाहीसं होणार असेल तर ते मध्याजवळूनच नाहीसं व्हायला हवं. पंखांत टाक्या घालून वेळ वाढवण्याचा मोह आम्ही तिथेच सोडला.

घरी बांधलेल्या विमानाला अमेरिकी हवाई नियमांच्या भाग २३ चे, म्हणजे लहान विमानांसाठीचे, नियम लागू नाहीत. तरी त्यातली २०१७ च्या बदलाआधीची जुनी कलमं मी छापून घेतली, कारण त्यांत स्पष्ट आकडे आहेत. टाकीत वर किमान दोन टक्के मोकळी जागा हवी. हा आकडा कुठून आला असेल, हे मी स्वतः ताडून पाहिलं. केरोसीन दर अंशाला हजारात एक भाग फुगतं. १२० लिटर इंधन वीस अंशांनी तापलं तर २.४ लिटर वाढतं, बरोबर दोन टक्के. मुंबईत उन्हात उभ्या विमानाला वीस अंश काहीच नाहीत, म्हणून आम्ही तीन टक्क्यांहून थोडी जास्त जागा ठेवली. तळाशी पाणी साठायला खळगा हवा, क्षमतेच्या पाव टक्का. आमच्यासाठी ३०० मिलिलिटर. आणि भरायचं तोंड. पेट्रोलवर चालणाऱ्या विमानाचं तोंड ६० मिलिमीटरहून मोठं नको, टर्बाइनचं, म्हणजे आमच्यासारख्या जेटचं, ७५ मिलिमीटरहून लहान नको. जेट इंधनाच्या नळाचं टोक मुद्दाम रुंद करतात, म्हणजे ते पेट्रोलच्या टाकीत शिरत नाही. बाजारात सहज मिळणारी झाकणं बहुतेक ६० च्या मापाची निघाली. ७५ चं मिळवायला आम्हाला फेब्रुवारी उजाडला आणि झाकणाला कडेसकट नऊ हजार रुपये पडले.

हवा आत येणारी नळी, म्हणजे व्हेंट, हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. इंजिन मिनिटाला सव्वादोन लिटर इंधन ओढणार, तेवढी हवा आत यायला हवी, एवढं कोणालाही सुचेल. पण खरी मागणी उतरताना असते. दहा हजार फुटांवरून मिनिटाला दीड हजार फूट या वेगाने खाली यायला लागलं की बाहेरचा दाब मिनिटाला जवळपास सहा टक्क्यांनी चढतो. टाकी रिकामी होत आली असेल, आत ११० लिटर हवा असेल, तर मिनिटाला सहा-साडेसहा लिटर हवा आत घ्यावीच लागते. तेव्हा इंजिन निवांत असतं आणि व्हेंट सगळ्यात जास्त राबत असतो. नळी अरुंद असली किंवा बुजली तर टाकीच आत दबते. आम्ही दोन स्वतंत्र व्हेंट घेतले. दोन्ही टाकीच्या माथ्यावरून निघतात, आधी वर चढतात आणि मग पोटाखाली उतरून पुढे तोंड करून तिरपे कापलेले आहेत. दोन घेण्याचं आणखी एक कारण म्हणजे कुंभारीण माशी. गाळ्यात उघडी राहिलेली नळी ती आठवड्याभरात मातीने लिंपून टाकते. उभ्या विमानाच्या व्हेंटवर लाल फीत लावलेलं टोपण असलंच पाहिजे.

टाकीच्या आत तळाशी सहा लिटरचं एक बंदिस्त खोकं आहे, पंपाची नळी त्यातच उघडते. खोक्याला आत उघडणाऱ्या बिजागरीच्या झडपा आहेत. इंधन आत येतं, वळणावर किंवा नाक वर-खाली झालं तरी बाहेर पळत नाही. पिस्टन इंजिनाला क्षणभर हवा गेली तर ते खोकतं आणि बहुतेक वेळा पुन्हा धरतं. टर्बाइनची ज्योत विझली की ती पुन्हा पेटवायला पूर्ण सुरुवातीची प्रक्रिया करावी लागते, आणि तेवढी उंची हाताशी असेलच असं नाही. म्हणून या खोक्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि तो सत्कारणी लागला असं मला वाटतं.

जानेवारी २०२४ मध्ये पत्रा घेतला. विमानाच्या सांगाड्याला वापरतात तो २०२४-टी३ नावाचा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वेल्डिंगला चालत नाही. टाकीसाठी ५०५२-एच३२ हा दुसरा मिश्रधातू घ्यायचा. गुलालवाडीच्या धातूबाजारात विचारत फिरले. १.६ मिलिमीटरचा चार बाय आठ फुटी पत्रा जवळपास तेरा किलोंचा, ५,८०० रुपये. दुकानदाराला पत्र्याबरोबर तो बनवणाऱ्या कारखान्याचं चाचणी प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या घाण्याचा क्रमांक, पत्र्यावर छापलेल्या नंबराशी तिथेच जुळवून पाहा. प्रमाणपत्र नंतर पाठवतो म्हणणाऱ्या दुकानातून पत्रा उचलायचा नाही, हा काकांचा दंडक होता आणि त्यासाठी मी दोन दुकानं सोडली.

फिटिंग्ज बाहेरून मागवली. पितळी नळ नागदेवीच्या बाजारात पाहिजे तेवढे मिळतात, पण जेट इंधनाला तांबं आणि जस्त चालत नाहीत. त्यांच्या संगतीत इंधन लवकर खराब होतं. म्हणून पितळ नाही, गॅल्वनाइज्ड बादली किंवा नरसाळंसुद्धा नाही. सगळं ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस. पार्सल कस्टम्समध्ये अडलं. मी घोषणापत्रात विमानाचे भाग म्हणून ८८०७ हा कस्टम्सचा वर्गक्रमांक लिहिला होता. नळीची फिटिंग्ज ही सर्वसाधारण वापराच्या भागांत मोडतात, ती विमानासाठी घेतली तरी ७६०९ खालीच जातात, असं पत्र आलं. मी अधिकाऱ्यांना भेटले, त्यांनी दरपत्रकातली टीप उघडून दाखवली आणि ती वाचल्यावर माझं समाधान झालं. केवायसीची कागदपत्रं, पैसे भरल्याची बँकेची नोंद आणि विक्रेत्याचं बिल, या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर सारखं असू द्या. पार्सल हातात पडायला मार्च संपला. शुल्क धरून एकवीस हजार.

एप्रिलमध्ये कटिंग आणि बेंडिंग झालं, अडीच हजारांत. मे महिन्यात वेल्डिंग. साकीनाक्यातच आमच्या गल्लीत एक वेल्डर आहेत, पातळ ॲल्युमिनियमवर टिग वेल्डिंग मारण्यात त्यांचा हात धरणारा माझ्या पाहण्यात नाही. त्यांनी ड्रॉइंग बघितलं आणि म्हणाले, “ताई, पावसाच्या आधी करू. हवेत ओल आली की टाक्यात बुडबुडे राहतात. आणि मला घाई करायला लावू नका, पत्रा ओढतो.” त्यांनी सरावासाठी त्याच पत्र्याचे तुकडे जोडले, आम्ही ते वाकवून तोडून पाहिले आणि मगच टाकीला हात लावला. आधी सगळीकडे टॅक, म्हणजे ठिपक्यांएवढे टाके, मग समोरासमोरच्या कडा आलटून-पालटून, मध्ये थंड होऊ देत. आतले पडदे, म्हणजे बॅफल, आधी बसले. त्यांच्या खालच्या कोपऱ्यांत इंधनासाठी आणि वरच्या कोपऱ्यांत हवेसाठी खाचा आहेत. वरची खाच विसरली जाते असं काका सांगतात, आणि मग भरताना हवा कोंडून टाकी कधीच पूर्ण भरत नाही. बॅफलचं काम फक्त हिंदकळणं थांबवायचं नाही. ६० बाय ५० च्या पृष्ठावर एक पीएसआय (चौरस इंचाला एक पौंड) दाब आला तरी दोनशे किलोंचा जोर पडतो. हे पडदे दोन्ही बाजूंना धरून ठेवतात. वेल्डिंगचे अठरा हजार झाले. या सबंध कामात सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे तेच.

जूनमध्ये पाऊस लागला आणि आम्ही चाचण्या पुढे ढकलल्या. त्या काळात कागदपत्रांकडे वळलो. गाळ्यात इंधन आणायचं तर काय नियम आहेत? जेट ए-१ चा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, किमान ३८ अंश, म्हणजे १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार ते ‘ब’ वर्गात येतं. या वर्गाचं एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि एकेक भांडं हजार लिटरच्या आत असेल तर त्या कायद्याखाली परवाना लागत नाही. पण तेवढ्यावर थांबू नका. मुंबईत महापालिका अधिनियमाचं कलम ३९४ वेगळं आहे आणि ज्वालाग्राही पदार्थ ठेवण्याबद्दल तिथे वेगळ्या मर्यादा आहेत. मी महापालिकेच्या एल वॉर्ड कार्यालयात अर्ज घेऊन गेले, तिथून अग्निशमन केंद्रात. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “गाळ्यात ठेवायची गरज आहे का?” खरोखर नव्हती. गाळ्यात फक्त पाण्याच्या आणि हवेच्या चाचण्या करायच्या, इंधनाची चाचणी शहराबाहेरच्या एका धावपट्टीच्या आवारात करायची, असं ठरलं आणि मनावरचं ओझं उतरलं. शेजारच्या गाळ्यात दिवसभर ग्राइंडर चालतो.

गणपती उठल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस, दाबाची चाचणी. जुन्या नियमात साध्या धातूच्या टाकीला ३.५ पीएसआय सांगितलेत. हा दाब हवेने कधीही देऊ नका. दाबलेली हवा साठवलेली ताकद असते, शिवण सुटली तर पत्रा अंगावर येतो. पाणी दाबलं जात नाही, ते फक्त गळतं. आणि त्यासाठी यंत्रही लागत नाही. ३.५ पीएसआय म्हणजे २.४६ मीटर पाण्याचा स्तंभ. आम्ही टाकी काठोकाठ भरली, सगळी तोंडं बंद केली, एका फिटिंगला पारदर्शक नळी लावली आणि तिचं टोक पोटमाळ्यावर नेऊन मोजून तेवढ्या उंचीपर्यंत पाणी भरलं. एका मोठ्या पृष्ठावर सातशे किलोंहून जास्त जोर. आम्ही सगळे गप्प उभे होतो. शिवणी सुकलेल्या राहिल्या. ओलावा दिसला तो एका विकत घेतलेल्या बोळक्यावर, म्हणजे नळी जोडायच्या आट्यांच्या तुकड्यावर. वेल्डपासून दूर, भागाच्याच अंगातून पाणी झिरपत होतं. तो साच्यात ओतलेला, म्हणून सच्छिद्र निघाला. तो कापून काढला, बाजूच्या लेथवर ६०६१ ॲल्युमिनियमच्या सळईतून नवा वळवून घेतला, दोन आठवड्यांनी पुन्हा चाचणी, आणि टाकी कोरडी. असे तुकडे घेताना ते सळईतून वळवलेले आहेत याची खात्री करून घ्या.

त्यानंतर हवेची बारीक चाचणी, फक्त एक पीएसआयची. दाब मोजायला पाण्याची यू-नळी, तिच्या दोन बाजूंत ७० सेंटीमीटरचा फरक, आणि शिवणींवर साबणाचं पाणी. बुडबुडा कुठेच नव्हता, तरी दुपारपर्यंत स्तंभ हलला. घाबरायचं कारण नाही, आधी थर्मामीटर बघायचा. बंद टाकीतली हवा एक अंशाने बदलली तर स्तंभ साधारण साडेतीन सेंटीमीटर सरकतो. शिवाय आपल्याकडे बाहेरचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास वर आणि दुपारी चारच्या सुमारास खाली असतो, तीनेक हेक्टोपास्कलचा फरक. तोही तीन सेंटीमीटर. म्हणून आम्ही रात्री नळी भरली, तापमान आणि दाब लिहिले, दुसऱ्या रात्री त्याच वेळी पुन्हा लिहिले आणि हिशेबाने दुरुस्ती केली. टाकी धरून होती. काकांनी नोंदवहीत सही केली तेव्हा मला भरून आलं होतं, हे सांगायला संकोच वाटत नाही.

ओ-रिंग, म्हणजे जोडातली गळती थांबवणारी रबरी कडी, आणि पट्ट्यांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. काळी रबरी रिंग दिसायला सगळी सारखी. ईपीडीएम जातीचं रबर केरोसीनमध्ये फुगतं. नायट्राइल किंवा वायटन हवं. दुकानातून आणलेल्या प्रत्येक मापाची एक रिंग मी केरोसीनच्या बरणीत टाकून दुसऱ्या दिवशी व्हर्नियरने मोजली. एक पाकीट परत केलं. टाकी ज्या पट्ट्यांवर बसते त्यांच्याखाली फेल्ट घालू नका, ते गळलेलं इंधन पिऊन ठेवतं. आम्ही नायट्राइलची पट्टी घातली.

पाण्याच्या चाचणीनंतर टाकी गरम हवेने वाळवली आणि आत दिवा सोडून प्रत्येक कोपरा पाहिला. २००८ च्या १७ जानेवारीला हीथ्रोच्या धावपट्टीअलीकडे उतरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या ३८ क्रमांकाच्या विमानात इंधनातल्या पाण्याचा बर्फ तेल-इंधन उष्णता विनिमयकात अडकला होता. ते वाचून आमच्यातला प्रत्येक जण बर्फाबद्दल विचारत असे. आम्ही कोकणावर आठ-दहा हजार फुटांत उडणार. तिथे बर्फाची वेळ क्वचितच येईल. आपल्या हवेत भीती आहे ती बुरशीची. इंधन आणि पाणी भेटतात त्या सीमेवर ती वाढते, चिकट गाळ होतो, गाळणी चोंदते आणि त्याखाली ॲल्युमिनियम खाल्लं जातं. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात उभी राहिली की ओली हवा आत-बाहेर करत राहते आणि पाणी साठतं. त्यामुळे विमान उभं ठेवायचं ते भरलेल्या टाकीनिशी, आणि प्रत्येक वेळी आधी खळग्यातून काचेच्या बरणीत नमुना काढून उजेडात बघायचा.

डिसेंबरात शहराबाहेर खऱ्या इंधनाची चाचणी केली. इंधन एका उड्डाण संस्थेच्या ओळखीने मिळालं, लिटरला शंभरच्या आत. इथे एका गोष्टीची सक्ती केली. केरोसीन वाहताना स्थिर वीज धरून ठेवतं, तेव्हा पिंप, धातूचं नरसाळं आणि टाकी आधी तारेने जोडायची, मगच ओतायचं, तेही सावकाश. प्लास्टिकचं नरसाळं आवारातसुद्धा आणू दिलं नाही.

टाकी उड्डाणातल्या कोनात ठेवून पाच-पाच लिटर ओतत गेलो आणि प्रत्येक टप्प्याला गेजचा, म्हणजे इंधन किती आहे ते दाखवणाऱ्या मापकाचा, आकडा लिहिला. मग पंप लावून पूर्ण थ्रस्टला लागेल तेवढा प्रवाह चालू ठेवत टाकी उपसली, एकदा नाक वर, एकदा खाली, एकदा डावीकडे झुकवून. नळीत पहिला बुडबुडा दिसला की थांबायचं आणि उरलेलं मोजायचं. सगळ्यात वाईट कोनात १.४ लिटर राहिलं. गेजचा शून्य आम्ही तिथे लावला, टाकीच्या तळावर नाही.

एकूण खर्च ऐंशी हजारांच्या आत राहिला, पंप वगळून. गेज आणि त्याचा सेन्सर चौदा हजारांचा. फाइलमध्ये आता पत्र्याचं प्रमाणपत्र, वेल्डिंगचे सराव तुकडे, प्रत्येक शिवणीचे फोटो, दाबाच्या नोंदी आणि कॅलिब्रेशनचा तक्ता आहे. हे सगळं काम चालू असतानाच तारीख घालून लावत जा. परवान्याच्या अर्जासोबत हेच जाणार आहे. इंजिन आलं की पंपापासून पुढची नळी जोडायची आणि प्रवाहाची चाचणी पुन्हा घ्यायची, या वेळी इंजिनाच्या स्वतःच्या गाळणीसकट.